डब्यात कुणाला ‘ए चायनीज’ म्हणतात तेव्हा शेजारी बसलेल्याने काय करायचं

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि मिरकरवाडा, हर्णे, साखरीनाटे, देवगड या बंदरांवर नेपाळी खलाशी पुन्हा दिसायला लागतात. दिवाळी सरली की आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात आणि हंगाम संपेपर्यंत कलमांखालच्या खोपटात राहतात. चिरेखाणींवर कर्नाटकातले मजूर, रायगडातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ओडिशा-झारखंडकडचे पोरगे, मोठ्या गावांतल्या पार्लरमध्ये मणिपूर-मिझोरामच्या मुली. कोकणातली बरीचशी अंगमेहनत आज यांच्या खांद्यावर आहे. त्यांच्या कानावर पडणारं बोलणंही ठरलेलं आहे: ‘ए बहादूर’, ‘चायनीज’, ‘मोमो’, ‘भय्ये माजलेत’, ‘कातोडी आला, चपला सांभाळा’.

बोलणारा बहुतेक वेळा एकच असतो. बाकीचा डबा खिडकीबाहेर बघतो. हा लेख त्या बाकीच्या डब्यासाठी आहे.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगतो. बोलणाऱ्याला सुधारणं हे आपलं काम नव्हे, ते दहा मिनिटांत होतही नाही. ज्याला बोललं जातंय तो एकटा पडू नये, आणि जे घडलं ते पाहिलेला एक तरी माणूस नाव-पत्त्यासह मागे उरावा, इतकंच आपलं काम. हे ध्यानात राहिलं की भांडायची गरज नव्वद टक्के कमी होते आणि भीतीही.

गप्प का बसतो आपण

१९६८ साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं, आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के तो आवाज थांबायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी गेला असेल.

पण या प्रयोगावरून ‘माणूस असाच’ म्हणून हात झटकू नयेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. २१९ भांडणांपैकी दहातल्या नऊ ठिकाणी निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. म्हणजे कुणीतरी उठतंच. अडतं ते पहिल्यावर.

आपल्याकडे त्यात एक वेगळी अडचण आहे. मुंबईच्या लोकलमध्ये माणूस अनोळखी म्हणून गप्प बसतो, गावात तो ओळखीचा म्हणून गप्प बसतो. ‘कातोडी’ म्हणून ओरडणारा भावकीतला असतो, खलाशाचे पैसे कापणाऱ्या बोटमालकाच्या घरी उद्या लग्नाला जायचं असतं, बागायतदार शाळेच्या समितीवर असतो. शहरांसाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत त्या यामुळे. पण हीच ओळख कामालाही येते. अनोळखी माणसाला ‘ए’ म्हणून गप्प करता येतं, सख्ख्या चुलतभावाला नाही.

पाऊल पहिलं: दहा सेकंद नुसतं बघा

बोलणारा प्यायलाय का? एकटा आहे की टोळकं आहे? हातात काय आहे? बागेत, काजूच्या मळ्यात, नारळाखाली प्रत्येकाच्या कमरेला कोयती असते. तिचा अर्थ नेहमी हाणामारी असा होत नाही, पण ती म्यानातून बाहेर आली असेल तर तुम्ही पुढे व्हायचं नाही. लांब उभं राहून ११२ लावायचा, आणि ठिकाण सांगताना ‘नाक्यावर’ असं न सांगता गाव, वाडी, तालुका, जवळची शाळा किंवा देऊळ सांगायचं. फोन घेणारा माणूस तुमच्या गावचा नसतो.

रेल्वेत असाल तर १३९. मात्र उक्षी आणि भोके यांच्यामधल्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात फोन लागेल अशी आशा धरू नका; कोकण रेल्वेच्या बऱ्याच भागात रेंजचं हेच आहे. अशा वेळी पुढचं स्टेशन कोणतं ते लक्षात घेऊन टीसी किंवा रेल्वे सुरक्षा दलाचा जवान शोधायचा.

आता, ही साधी थट्टा आहे की आणखी काही, हे ठरवायचं कसं? बोलणाऱ्याच्या हसण्यावरून ठरवू नका, ज्याच्यावर हसणं चाललंय त्याच्या चेहऱ्याकडे बघा. दोघं रोज एका बोटीवर असतात आणि शिव्याही एकमेकांना सारख्याच देतात, असंही असतं. पण एकजण हसतोय आणि दुसरा बॅग उचलून दाराकडे सरकतोय, तर ती थट्टा नाही. आणि अपमान दर वेळी तोंडानेच होतो असंही नाही. चहाच्या टपरीवर कातकऱ्याला कप वेगळा मिळतो, मासळीबाजारात परप्रांतीयाला भाव जास्त सांगितला जातो, जागा रिकामी असून कुणी बॅग ठेवतं, भाड्याची खोली ‘कालच गेली’ असते. हे आवाज न करता चालतं, म्हणून जास्त चालतं.

पाऊल दुसरं: आधी त्याच्याकडे जा

बहुतेकजण इथे चुकतात. तावातावाने बोलणाऱ्यावर धावून जातात. मग भांडण दोन मराठी माणसांचं होतं, डबा दोन गटांत वाटला जातो, आणि ज्याच्यावरून सुरू झालं तो पोरगा कोपऱ्यात उभा राहून याचा राग शेवटी आपल्यावरच निघणार याची वाट बघत बसतो. त्याला उद्या त्याच बंदरावर कामाला जायचं असतं, तुम्हाला नाही.

म्हणून पाठ बोलणाऱ्याकडे, तोंड त्याच्याकडे. शेजारी जाऊन बसा किंवा त्याला आपल्या शेजारी बोलवा: ‘इकडे ये रे, जागा आहे.’ मराठी कळत नसेल तर मोडक्या हिंदीत, ‘भाई, इधर बैठो, कहाँ उतरना है?’ प्रश्न अगदी साधा असू दे. गाडी किती उशिरा आहे, आज म्हावरं कसं मिळालं, मुलगी कितवीला आहे. घडलेल्या गोष्टीबद्दल पहिल्याच वाक्यात विचारू नका. सगळ्यांसमोर अपमान झालेल्याला सगळ्यांसमोरच ‘तुला काय वाटलं?’ असं विचारणं म्हणजे तो अपमान दुसऱ्यांदा करणं. दोन-चार वाक्यं झाली, आवाज उतरला, की मग हळूच विचारा: ‘मी काही करू का? टीसीला बोलवू? की नको?’

‘नको’ म्हणाला तर नको. हे ऐकणं जड जातं, विशेषतः ज्यांना न्यायाची घाई असते त्यांना. पण त्याच्या ‘नको’मागची कारणं आपल्याला दिसत नाहीत. मालकाकडे त्याचे दोन महिन्यांचे पैसे अडकलेले असतील, खोलीवर बायको एकटी असेल, मागच्या वेळी पोलीस ठाण्यात त्यालाच कागद दाखव म्हणून बसवून ठेवलं असेल.

कागदांचं आलंच आहे तर: ‘आधार दाखव’, ‘पासपोर्ट कुठाय’ असं रस्त्यावर विचारायचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही, गावच्या पोरांच्या टोळीला तर नाहीच. १९५० च्या भारत–नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळी नागरिकाला भारतात राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. हे एक वाक्य पाठ ठेवा, टपरीवरच्या अर्ध्या वादाला ते पुरतं.

स्त्री असेल तर पुरुषांनी थोडं अंतर ठेवून बोलावं, आणि शक्य असेल तर शेजारच्या एखाद्या मावशींना पुढे करावं. पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलीला एस.टी.त ‘रेट काय’ म्हणणारा आणि लगेच तिचा कैवार घेऊन शेजारी येऊन बसणारा, हे दोघंही तिला सारखेच परके असतात.

पाऊल तिसरं: दुसऱ्याला कामाला लावा

‘कुणीतरी बोलवा रे’ असं म्हटलं की कुणीच बोलवत नाही. वरच्या प्रयोगातलं तेच. बोट दाखवून सांगा: ‘निळ्या शर्टवाले काका, तुम्ही कंडक्टरला सांगा गाडी थांबवायला.’ ‘ताई, तुम्ही वेळ बघून ठेवा.’ काम छोटं आणि नेमकं दिलं की माणूस नाही म्हणत नाही. बंदरावर तांडेलाला सांगा, मालकाला नंतर. बोटीवर खलाशी तांडेलाचं ऐकतात. गावात पोलीस पाटील. बाजारात ज्या म्हाताऱ्या कोळणीला सगळे वचकून असतात ती, तिच्याइतकं परिणामकारक पद सरकारने अजून निर्माण केलेलं नाही.

पाऊल चौथं: बोलणाऱ्याशी बोलायचंच असेल तर

एक वाक्य, तेही त्याच्या कृतीबद्दल. ‘तू जातीयवादी आहेस’ म्हटलं की तो स्वतःचा बचाव सुरू करतो आणि तास जातो. ‘त्याला नावाने हाक मार’ म्हटलं की उत्तर द्यायला फारसं काही उरत नाही. अशी काही वाक्यं जिभेवर बसवून ठेवलेली बरी, कारण ऐनवेळी सुचत नाहीत:

‘दादा, पुरे. पोरगा गप्प बसलाय ना?’

‘त्याने तिकीट काढलंय, तुम्हीपण काढलंय. बसू द्या.’

‘काय म्हणालात? परत सांगा, मला कळलं नाही.’ हे शेवटचं फार उपयोगी. विनोद परत सांगायला लावला की त्याची हवा जाते, आणि म्हणणाऱ्याला आपल्या तोंडून काय गेलं ते स्वतःला ऐकू येतं.

आवाज चढवू नका, बोट नाचवू नका, आणि बोलून झालं की लगेच तोंड फिरवून त्या पोराकडे वळा. शेवटचा शब्द बोलणाऱ्याला घेऊ द्या, त्याला तो लागतो.

घरातलं, भावकीतलं प्रकरण वेगळं. जेवणाच्या पानावर आबा म्हणतात, ‘ह्या गुरख्यांना जास्त लाडावू नका, रात्री घर साफ करतील.’ सगळ्यांसमोर आबांना खोडून काढलंत तर आबा हट्टाला पेटतील आणि पोरं मजा बघतील. पण गप्प बसलात तर पोरं तेच शिकतील. मधली वाट अशी की पानावर एवढंच म्हणायचं: ‘आबा, मागल्या पावसात आपल्या बागेचा बांध त्यानेच बांधला ना?’ आणि विषय बदलायचा. उरलेलं संध्याकाळी, ओटीवर, दोघंच असताना. त्या वेळी कोकणातल्या प्रत्येक घराला लागू पडणारी एक गोष्ट काढता येते. आपल्याच घरातून कुणी ना कुणी गिरणीत गेला, बोटीवर गेला, आखातात गेला, गिरगाव-परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत दहाजणांत झोपला. त्याला तिथे ‘घाटी’ म्हटलं गेलं, आखातात त्याचा पासपोर्ट मालकाने कपाटात ठेवला. त्याच्याच मनिऑर्डरवर इथल्या घराचे चिरे उभे राहिले. आबांना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्यांच्याच वडिलांचं असतं ते. फक्त त्यांनी ते बागेतल्या गुरख्याशी जोडलेलं नसतं.

यावर हटकून येणारा प्रश्न: म्हणजे मराठीचा आग्रह धरूच नये का? धरावा की. दुकानाची पाटी, बँकेतला अर्ज, कंडक्टरचं उत्तर मराठीत मागणं हा आपला हक्क आहे. पण तो मागायचा दुकानाच्या मालकाकडे, बँकेच्या शाखाधिकाऱ्याकडे. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या, ताटं उचलणाऱ्या पोराच्या कानशिलात मारून मराठी एका इंचानेही वाढलेली नाही. ज्या बागायतदाराने आपल्या राखणदाराच्या मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं, त्याने मराठीसाठी जास्त केलं. त्या मुलांचं मराठी ऐका एकदा, हेल काढून बोलतात.

आणि चेहऱ्याबद्दल. रत्नागिरीला वेगळ्या नाकाडोळ्यांच्या माणसांची नवलाई वाटावी हेच नवल. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत या गावात कैदेत राहिला, आणि त्याच्या थोरल्या मुलीचा वंश इथेच रुजला. मुरुडच्या जंजिऱ्यावर तर आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी १९४८ पर्यंत राज्य केलं. ‘मूळचा कोण’ हा प्रश्न या किनाऱ्यावर विचारायला सुरुवात केली तर बऱ्याच जणांची पंचाईत होईल.

पाऊल पाचवं: मोबाईल

२५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो ‘वैद्यकीय घटने’नंतर मेला असं म्हटलं होतं. १७ वर्षांच्या डार्नेला फ्रेझर या मुलीने फुटपाथवरून केलेलं चित्रण समोर आलं आणि ते निवेदन कोलमडलं. ती मध्ये पडू शकत नव्हती. ती तिथून हलली नाही, आणि तिने फोन हलू दिला नाही.

चित्रण करण्याआधी बघा की मदत कुणी करतंय का. कुणीच करत नसेल तर आधी मदत. कुणी करत असेल तर फोन आडवा धरा, चार-पाच पावलं लांब उभे राहा, आणि सुरुवातीलाच गाडीचा नंबर, दुकानाची पाटी किंवा फलाटावरचं स्टेशनचं नाव टिपून घ्या. मध्ये स्वतः बोलू नका, तुमच्या आवाजाखाली शिवी दबते. थांबवताना वेळ आणि तारीख तोंडाने सांगा.

मग तो व्हिडिओ लगेच ग्रुपवर टाकू नका. त्यात त्या माणसाचा चेहरा आहे, त्याचा अपमान आहे, आणि त्याच्या गावी त्याची आईही फोन बघते. तो म्हणाला तरच टाकायचा. त्याला पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ दाबला जाऊन पुसट होतो. मूळ चित्रण आपल्या फोनमध्ये तसंच ठेवा, कापाकापी करू नका. न्यायालयात ते मांडायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते कसं करायचं ते पोलीस किंवा वकील सांगतील. फोन विकलेला नसावा, एवढी काळजी तुमची.

पाऊल सहावं: पोलीस ठाणं

तक्रार करायची की नाही ते त्याने ठरवायचं. करायची ठरली तर सोबत जा. पोलीस ठाण्याच्या पायरीवर परका माणूस एकटा असणं आणि त्याच्यासोबत गावचं एक माणूस असणं, यात काय फरक पडतो ते कुणालाही विचारा.

कायदा कोणता लागेल हे ज्याचा अपमान झाला त्याच्यावर ठरतं. ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि अपमान करणारा नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. जातीवरून शिवीगाळ, जाणूनबुजून केलेला अपमान हे त्यातल्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये येतं. कातकरी अनुसूचित जमात आहे. ईशान्येकडून आलेले बरेचजण आपापल्या राज्यांत अनुसूचित जमातीचे असतात; महाराष्ट्रात आल्यावर हे संरक्षण गळून पडत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२३ साली दिला आहे. ठाणे अंमलदाराला तो माहीत असेलच असं धरून चालू नका.

या कायद्यात एक अट आहे, आणि तिथे तुम्ही येता. अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणीही नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. शिवाय पाहणारे फक्त नातेवाईक किंवा मित्र असतील तर बचावाचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो. म्हणजे डब्यात खिडकीशी बसलेला, ना नात्यातला ना गोत्यातला प्रवासी, हाच या प्रकरणाचा कणा असतो. तो पनवेलला उतरून घरी गेला की प्रकरणही बऱ्याचदा तिथेच उतरतं.

या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही (कलम १८-ए). तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेऊन वाचून दाखवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि ते जाणूनबुजून टाळणं हा कलम ४ खाली गुन्हा होऊ शकतो. ‘साहेब, एकदा वाचून दाखवता का?’ एवढं विचारा, कलम सुनवायची गरज बहुधा पडत नाही. मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. मोफत वकिलासाठी १५१००. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, आणि कुठल्याही स्त्रीला, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

नेपाळी खलाशाला किंवा अनुसूचित जाती-जमातीत नसलेल्या उत्तर प्रदेशच्या सुताराला हा कायदा लागू होत नाही. तिथे भारतीय न्याय संहिता. चिथावणीच्या हेतूने केलेला अपमान कलम ३५२, धमकी ३५१, साधी मारहाण ११५. यांतल्या साध्या प्रकारांत पोलीस ‘एनसी’ घेतात, म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. लोक इथे चिडून परत फिरतात. फिरू नका. एनसीची प्रत घ्या आणि जपून ठेवा, तोच माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा तसं वागला तर आधीची नोंद हाताशी असते. समूहांमध्ये द्वेष पसरवणारं भाषण किंवा मेसेज मात्र कलम १९६ खाली दखलपात्र आहे.

गुन्हा घडला चिपळूणला आणि कळलं कुडाळला, तर कुडाळलाही नोंदवता येतो. त्याला झीरो एफआयआर म्हणतात, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेला आहे. प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह.

अफवेची रात्र

हे एकच पाऊल असं आहे की तिथे दहा सेकंदही थांबायचं नसतं. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय, वाडीत दोन अनोळखी बायका दिसल्या’ असा मेसेज ग्रुपवर येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. व्हॉट्सॲपवरचे मेसेज आधीपासून फिरत होते.

ग्रुपवर लगेच लिहा: ‘कुठली वाडी? कुणी स्वतः पाहिलं? मी पोलीस ठाण्यात फोन करतोय.’ आणि खरंच करा. उत्तर काय मिळालं ते त्याच ग्रुपवर टाका. लोक जमलेच असतील तर त्या अनोळखी माणसांना उघड्यावर उभं करून प्रश्न विचारू देऊ नका. शाळेत, ग्रामपंचायतीत, कुणाच्या पडवीत बसवा, दार लावा, पाणी द्या, आणि गाडी येईपर्यंत दारात चार वजनदार माणसं उभी करा. राईनपाड्यात ग्रामपंचायतीची खोलीही वाचवू शकली नाही, कारण दार आतून नाही तर बाहेरून सांभाळावं लागतं. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर न्याय संहितेच्या कलम १०३(२) खाली त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. जमावातल्या पोरांच्या कानात हे सांगणारा त्यांच्याच वाडीतला कुणी असावा.

निषेध करायचा झाला तर

एकट्यादुकट्याच्या हस्तक्षेपाने भागत नाही अशा गोष्टी असतात. चहाच्या दुकानात वर्षानुवर्षं चाललेला वेगळा कप, किंवा वेशीवर ‘परप्रांतीयांना बंदी’ असा फलक लावायचा ठराव. तो ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा तिथे हजर राहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सभांना जाऊन हात वर न करणारे लोकच नंतर ‘गावाने ठरवलं’ म्हणतात. विरोध नोंदवून घ्या, इतिवृत्ताची प्रत मागा, गटविकास अधिकाऱ्याला लेखी कळवा. भारतात कुठेही फिरायचा, राहायचा, धंदा करायचा हक्क नागरिकाला राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलाय आणि दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता यांवर जात, वंश, जन्मस्थान यावरून अडवायला कलम १५(२) ने मनाई आहे. ग्रामसभेच्या ठरावाने ते बदलत नाही.

मोर्चा काढायचा तर आधी जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी लागू आहे का ते विचारा, सणासुदीला ती हमखास असते. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, तहसीलदार किंवा प्रांतांना निवेदन, त्यावर पोचेचा शिक्का. भाषण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं. आपण खुर्च्या मांडाव्यात, माईकची वायर बघावी, आणि पोलिसांनी नावं विचारली तर आपलं नाव आधी द्यावं.

हे कसं करायचं ते शिकायला लांब जायला नको. मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मंजूर करून घेतला. त्याला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलंही. पण पाणी घ्यायला कुणी जाऊ शकलं नाही, तोवर २० मार्च १९२७ उजाडला आणि डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले. त्यानंतर काही तासांत वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेला मांडवासाठी जागा कुणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, हे तिघंही अस्पृश्य नव्हते. लढा त्यांचा नव्हता, त्यांनी तो आपला आहे असा आवही आणला नाही. कुणी जागा दिली, कुणी दार उघडलं, कुणी ठराव मांडला. आणि तळ्याचा खटला मिटायला १७ मार्च १९३७ उजाडला.

तारखेला जाणं

तेव्हा घाई असणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की हे काम लांबतं. म्हणून घटनेच्या दिवशीच, झोपायच्या आत, एका कागदावर लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा, कोण कुठे उभं होतं, आणि नेमके शब्द. शिवी जशीच्या तशी लिहा, फुल्या टाकू नका. तीन वर्षांनी उलटतपासणीत ‘शर्ट कुठल्या रंगाचा होता?’ असं विचारतात.

पोलीस जबाब घेतील. त्यावर तुमची सही घ्यायची नसते, मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. स्त्रिया, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्तींना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. कुणी धमकावलं तर तीही वेगळी तक्रार. अत्याचार कायद्याच्या कलम १५-ए मध्ये पीडितासोबत साक्षीदाराच्या संरक्षणाचीही तरतूद आहे.

समन्स आलं की सरकारी वकिलांच्या कार्यालयात फोन करून त्या दिवशी खरंच साक्ष होणार आहे का ते विचारून घ्या, कारण तारीख पुढे ढकलली गेल्याचं कळवायला कुणी येत नाही. अत्याचार कायद्याच्या खटल्यात साक्षीदाराला प्रवासखर्च आणि दिवसाचा भत्ता मिळतो, नियम ११ प्रमाणे. त्यासाठी एस.टी.चं तिकीट फेकू नका, जातानाचंही आणि येतानाचंही.